सायकली विकणाऱ्या मास्तरने लोखंडी नांगराचं माप बसवलं आणि कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली

सातारा-सांगली पट्ट्यात सध्या एक हवा आहे. पिकअप घ्यायची, ती लिफ्ट करून घ्यायची आणि खाली दांडगे टायर टाकायचे. गाडी उंच दिसते, रुबाब वाढतो, रीलला लाईक येतात. पण पहिल्या पावसात रानातल्या काळ्या मातीत गाडी घातली की कळतं, टायरचं माप रुबाबावर ठरत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं. खाली माती कुठली आहे, ओढणाऱ्यात दम किती आहे आणि मागे ओझं किती आहे.

हे तीन प्रश्न याच पट्ट्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसासमोर उभे होते. फरक इतकाच की तेव्हा ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते आणि टायरच्या जागी नांगराचा फाळ होता. त्या माणसाने हे गणित सोडवायच्या नादात मुंबईची नोकरी सोडली, दोन वर्षं एकही गिऱ्हाईक नसताना लोखंडी नांगर घेऊन बसून राहिला, बेळगावातून बिऱ्हाड हलवलं आणि शेवटी निवडुंगाने भरलेल्या एका माळावर अख्खं गाव वसवलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

नाव सगळ्यांनी ऐकलंय. विहिरीवरच्या पंपावर वाचलंय, इंजिनावर वाचलंय. पण या सगळ्याच्या आधी काय झालं होतं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात एका चित्रकारापासून करावी लागते.

रंग दिसत नव्हते, रेषा दिसत होत्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन कधी रमलं नाही. दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायचं त्यांनी ठरवलं. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला गेले.

दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकारासाठी हा कारभार आटोपल्यासारखाच होता. पण रंग गेले तरी रेषा शाबूत होत्या. हात पक्का होता. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडलं आणि यंत्रांची रेखाटनं काढण्याकडे मोर्चा वळवला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते मास्तर म्हणून लागले. शिकवता शिकवता स्वतः शिकत गेले. लेथ कसा चालतो, बॉयलर कसा चालतो, ओतकाम कसं होतं, हे सगळं हाताखालून घातलं.

आणि याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली.

चाकाचं माप आणि पायाची ताकद

सायकल म्हणजे तेव्हा नवलाची वस्तू. लक्ष्मणरावांनी बेळगावात रामूअण्णांना हाताशी धरलं आणि १८८८ च्या सुमारास दोघा भावांनी सायकलींचा व्यवहार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव इथून पुढे आलं. हे दुकान जिथे होतं तो रस्ता आजही बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

आता इथे थोडं थांबून त्या काळची सायकल समजून घ्यायला हवी, कारण टायरच्या मापाची सगळी अक्कल तिच्यात दडलेली आहे.

सायकलीला साखळी येण्याआधी पायडल थेट पुढच्या चाकाला बसवलेले असत. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे जास्त अंतर कापायचं तर चाक मोठं करायचं, एवढा एकच मार्ग होता. म्हणून पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत वाढत गेलं. पण चाक जेवढं मोठं तेवढं ते फिरवायला जड. चढ आला की पाय भरून यायचे. शिवाय पाय पायडलपर्यंत पोचायला हवेत. म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी बघून चाकाचं माप ठरायचं. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केंप स्टार्ली यांनी मागच्या चाकाला साखळीने ओढणारी, दोन्ही चाकं जवळजवळ सारखी असलेली रोव्हर सायकल आणली, तेव्हा कुठे हा पेच सुटला. चाक लहान ठेवून दात्यांच्या हिशेबाने वेग मिळू लागला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, जॉन बॉईड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबराची नळी बसवली आणि हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधी सायकलीला भरीव रबर असायचं आणि प्रत्येक खड्डा थेट हाडात जायचा.

आजच्या पिकअपलाही हाच नियम लागतो. समजा गाडीला २४५/७० आर १६ हा टायर आहे. यातले २४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे रुंदीच्या ७० टक्के उंचीची बाजू आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. हिशेब केला तर हा टायर सुमारे ७४९ मिलिमीटर उंच भरतो. त्याच्या जागी २६५/७५ आर १६ टाकला तर उंची सुमारे ८०४ मिलिमीटर होते. म्हणजे चाक साधारण ७ टक्क्यांनी वाढलं.

याने एक्सल फक्त २७ मिलिमीटर वर आला, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग जमिनीपासूनच्या उंचीत मिळतो. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, पण अखंड एक्सलच्या गाडीत त्याचा गोळा जमिनीपासून वर न्यायचं काम फक्त टायर करतो. बदल्यात जमिनीवर मिळणारी ओढ जवळपास ७ टक्क्यांनी घटली. स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी ८६ ने पळत असते. चाकाचं वजन वाढलं की ब्रेकवरचा ताणही वाढतो. तेव्हा पायडल मारणारा माणूस धापा टाकायचा, आता क्लच आणि गिअरबॉक्स धापा टाकतात.

मास्तरकी सुटली

मुंबईच्या इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आता पूर्ण वेळ स्वतःचा धंदा करायचा होता.

सायकलींचं दुकान होतंच. पण लक्ष्मणरावांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सायकल परदेशातून येत होती आणि आपण फक्त ती विकत होतो. स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आणि आजूबाजूला बघितलं तर माणसं एकच काम करत होती, शेती. म्हणजे यंत्र बनवायचं तर शेतकऱ्यासाठी.

त्यांनी अमेरिकेतली तांत्रिक मासिकं वाचायला सुरुवात केली. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. अख्खी पेंढी टाकली की जनावरं पानं खातात आणि बुडखे तुडवून टाकतात. कडबा बारीक कापून घातला की वाया जाणं कमी होतं. हे यंत्र बऱ्यापैकी चाललं.

मग त्यांनी लोखंडी नांगराला हात घातला. आणि इथे सगळं अडलं.

लोखंडाने जमीन नासते

आपल्याकडचा लाकडी नांगर काय करायचा, तर जमीन चिरायचा. त्याने माती फुटते पण पलटी होत नाही. लोखंडी नांगराची बाजू वळणदार असते. फाळ खालून मातीचा काप काढतो आणि ती वळणदार बाजू तो काप उचलून उलटा टाकते. तण खाली गाडलं जातं, खालची माती वर येते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही दोन तणं म्हणजे शेतकऱ्याचे जुने वैरी. त्यांची मुळं खोल जातात. वरवर चिरून ती मरत नाहीत, खोल नांगरून उन्हात तापवावी लागतात. त्यामुळे या मातीला लोखंडी नांगराची खरी गरज होती.

पण शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, जमीन नासते, अशी समजूत पसरली होती. लक्ष्मणराव गिऱ्हाइकाची वाट बघत राहिले. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली.

आता हे वाचून आपल्या आजोबा-पणजोबांना अडाणी ठरवायची घाई करायचं कारण नाही. १७९७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हणून तो नाकारला होता, की लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजतं. शंभर वर्षांच्या अंतराने दोन खंडांतल्या शेतकऱ्यांना तीच भीती वाटली.

आणि या भीतीच्या आड एक अगदी व्यवहारी हिशेबही होता. लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यावर करून द्यायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि ऐन नांगरटीत फाळ मोडला तर गावात कुणाकडे जायचं? वर्षाचं पीक पणाला लागलेलं असताना कुठलाही शहाणा माणूस अशी जोखीम घेणार नाही.

खरा प्रश्न होता मापाचा

त्याहून मोठा प्रश्न होता तो बैलांचा.

नांगराला किती ओढ लागते, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. नांगर किती रुंद आणि किती खोल काप काढतो, त्या दोन्हींचा गुणाकार करायचा आणि माती किती चिवट आहे त्याने पुन्हा गुणायचं. समजा २० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल काप काढायचा आहे. म्हणजे ३०० चौरस सेंटीमीटरचा काप. मध्यम मातीत दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.४ किलोची ओढ धरली तर एकूण १२० किलोची ओढ लागते. हीच जागा जड काळ्या मातीची असेल तर आकडा दुप्पट होऊन २४० किलोवर जाऊ शकतो.

आता बैलांकडे बघा. बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ देऊ शकतो. ३५० किलोचे दोन बैल म्हणजे एका जोडीची ओढ सुमारे ७० किलो. म्हणजे तोच नांगर मध्यम रानात दोन जोड्यांना जेमतेम झेपतो, तर जड काळ्या रानात तीन ते चार जोड्या जुंपाव्या लागतात.

ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने काय करायचं? वारंगुळा करायचा, म्हणजे शेजाऱ्याचे बैल आज आपल्याकडे आणि आपले बैल उद्या त्याच्याकडे. पण सगळ्यांची नांगरट एकाच हंगामात येते. वारंगुळा चुकला की वाफसा निघून जातो. आणि दांडगा नांगर घेऊन तो एकाच जोडीला जुंपला तर बैलांचे खांदे सुजतात. बैल बसला म्हणजे त्या घराचा हंगाम बसला.

म्हणून परदेशातला नांगर जसाच्या तसा आणून भागत नव्हतं. इंग्लंडमध्ये नांगराला घोडे लागायचे, तिथली माती वेगळी, ओलावा वेगळा. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही हाच अनुभव आला होता. पूर्वेकडच्या हलक्या मातीत चालणारा बिडाचा नांगर इलिनॉयच्या चिकट काळ्या मातीत गेला की माती त्याला चिकटून बसायची आणि दर थोड्या अंतरावर नांगर खरवडावा लागायचा. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादाचा नांगर केला, तेव्हा त्या मातीची मिठी सुटली.

दुसरा पेच लोखंडाचा स्वतःचा होता. फाळ मऊ झाला तर दगडमातीत झिजतो, कडक झाला तर खडकाला लागून तुटतो. इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर उपाय काढला होता. ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करायची म्हणजे ती कडक होते, वरची बाजू तुलनेने मऊ राहते. वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकून राहते. पण हे वाचून समजणं वेगळं आणि बेळगावातल्या लहानशा भट्टीत रोज तसंच उतरवणं वेगळं. कुठलं कच्चं लोखंड, किती कोळसा, साचा किती ओला, एवढ्या गोष्टी जुळल्या तर एक फाळ बरा निघायचा.

लक्ष्मणराव यात चिकाटीने पडले. पहिली काही गिऱ्हाइकं मिळाली, त्यांच्या रानात नांगर चालला आणि मग शेजारच्या बांधावरचा माणूस बघायला येऊ लागला. शेतकऱ्याला पटवायला जाहिरात कमी पडते. शेजाऱ्याच्या रानातलं पीक जास्त पटवतं.

बेळगाव सुटलं, औंध मिळालं

नांगर कुठे खपायला लागला तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. तिथे नवी वसाहत करायची होती. भट्टी, यंत्रं, कामगार, सगळं घेऊन जायचं कुठे? हातात भांडवल नाही, दुसरी जागा नाही. वयाची चाळिशी आलेली. इथे धंदा कायमचा बंद पडला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं गाव, पण तेव्हा एका छोट्या संस्थानाची राजधानी. या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्याने विखुरलेला होता. त्यातला एक तुकडा होता कुंडल. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचे भोक्ते होते आणि लक्ष्मणरावांना आधीपासून ओळखत होते. त्यांनी बिनव्याजी कर्ज दिलं आणि आपल्या हद्दीत कारखान्यासाठी जागा देऊ केली.

लक्ष्मणरावांनी निवडली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन. बघणाऱ्याला वाटावं, ही काय निवड? पाणी नाही, सावली नाही, चहूकडे निवडुंग आणि त्यात नाग. पण लक्ष्मणरावांनी तिथे जे बघितलं ते रेल्वेचं स्टेशन होतं. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग दाराशी होता. कच्चं लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, तयार नांगर जाणार रेल्वेने. जड माल बैलगाडीवर लादून डोंगर उतरवत बसलं असतं तर नांगराची किंमत भाड्यातच दुप्पट झाली असती.

१९१० मध्ये कुंडलच्या माळावर काम सुरू झालं. निवडुंग तोडायचा, नाग मारायचे आणि घरं बांधायची. वसाहतीची आखणी रामूअण्णांनी अंगावर घेतली. सोबत बेळगावहून आलेली मोजकी कुटुंबं होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणीच्या कामावर ठेवलं. ज्यांच्यापासून लोक घाबरायचे त्यांच्याच भरवशावर कारखाना रात्री झोपायचा. शिवाशिवीला वसाहतीत थारा नव्हता. शाळा झाली, पाण्याची सोय झाली, रस्ते झाले आणि माळाचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं.

तोफा वितळल्या, नांगर झाले

बस्तान बसतंय तोच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. एका अर्थी ही संधी होती. परदेशी नांगर येणं थांबलं आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण नांगर करायला लोखंड लागतं आणि तेही परदेशातूनच यायचं. भट्टीला लागणारा कोळसाही मिळेना.

लक्ष्मणरावांनी भट्टीत लोणारी कोळसा वापरून बघितला. मोडीचं लोखंड जिथे मिळेल तिथून गोळा केलं. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा लोखंडासाठी दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नंबरांनी ओळखले जाणारे वेगवेगळ्या मापांचे नांगर बाजारात होते. हलक्या रानाला वेगळा, जड रानाला वेगळा. कमी बैल असणाऱ्याला वेगळा, जास्त बैल असणाऱ्याला वेगळा. झिजणारे भाग सुटे मिळू लागले, त्यामुळे ऐन हंगामात फाळ मोडला तर अख्खा नांगर टाकून द्यायची वेळ येईना. सुताराच्या बलुत्याला खरा पर्याय इथे उभा राहिला. त्याच वर्षी गिऱ्हाईक आणि विक्रेत्यांपर्यंत माहिती पोचवायला एक पत्रिका सुरू झाली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तिचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, जे मराठी घराघरांत वाचलं गेलं.

एक गोष्ट चालली की तिच्यापुढे धावणारे आणखी उभे राहतातच. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनीही नांगराचा कारखाना काढला आणि पुढे डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. म्हणजे सातारा आणि सांगलीच्या मधल्या या पट्ट्यात शेतकऱ्याला दोन घरचे नांगर ताडून बघता येऊ लागले.

विहिरीचंही माप

नांगरानंतर उसाचे चरक आले, मग पंप आले. पंपाचं गणितही तसंच. विहीर किती खोल, पाणी किती उंच चढवायचं, झरा किती पाणी देतो आणि मागचं इंजिन किती ताकदीचं. झऱ्यापेक्षा पंप मोठा घेतला तर विहीर आटते आणि पंप कोरडा फिरतो. लहान घेतला तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. शेजाऱ्याने पाचचा घेतला म्हणून आपण साडेसातचा घ्यायचा, हा हट्ट विहिरीला कळत नाही.

१९३० च्या आसपास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव पडले आणि नांगर कोण घेणार? किर्लोस्करवाडीत तेव्हा लोखंडी फर्निचर बनू लागलं. भट्टी आणि माणसं हातची जाऊ द्यायची नव्हती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून १९२६ मध्ये परत आले होते आणि कारखान्यात राबत होते. १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाल्या. बैलाच्या खांद्यावरचं ओझं आता इंजिनावर जाऊ लागलं होतं.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून ज्या राजाने जागा दिली तो आज साताऱ्याचा आणि ज्या माळावर कारखाना झाला तो सांगलीच्या पलूस तालुक्यातला, अशी वाटणी झाली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मग टायर कुठला घ्यायचा?

उत्तर त्याच तीन प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न मातीचा. कृष्णाकाठची काळी माती पावसात टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. इथे मोकळ्या खोबणींचा टायर लागतो, म्हणजे चाक फिरता फिरता माती बाहेर फेकली जाते. वर पातळ चिखल आणि खाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो. खालपर्यंत मऊच असेल तर रुंद टायर वर तरंगतो. माण-खटावच्या मुरमाड, खडकाळ वाटेवर रुंदीपेक्षा बाजूची भिंत मजबूत असणं महत्त्वाचं.

दुसरा प्रश्न दमाचा. इंजिन आणि गिअर तेच ठेवून चाक वाढवलं की तो एका जोडीला जुंपलेला दांडगा नांगर होतो. अवघड घाटात आणि भरल्या गाडीत ते लगेच कळतं.

तिसरा ओझ्याचा. टायरवर मापाच्या शेवटी छापलेला आकडा तो किती वजन पेलतो ते सांगतो. पिकअपमध्ये माल भरायचा असेल तर नक्षीच्या आधी तो आकडा बघावा. पुढे सस्पेन्शन पूर्ण दबलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी टायर कुठे घासत नाही ना, हेही दुकानातच तपासावं. आणि कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा फार वेगळं काही केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, हेही ध्यानात ठेवावं.

ज्या शेतकऱ्याने दोन वर्षं लोखंडी नांगराकडे पाठ फिरवली, तोही हेच तीन प्रश्न विचारत होता. लक्ष्मणरावांनी त्याला हसण्यापेक्षा त्याच्या बैलांना झेपेल असा नांगर ओतला. किर्लोस्करवाडी त्यावर उभी राहिली.